हार्डकोअर रेव्ह आणि तिच्या अनवट जागा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेहमीच्या क्लबऐवजी बंकर, बंद पडलेला कारखाना, जुना लष्करी तळ किंवा बर्फाचे स्टेडियम अशा ठिकाणी भरणाऱ्या हार्डकोअर रेव्हला, म्हणजे त्या संगीतावर रात्रभर चालणाऱ्या नृत्यमेळाव्याला, पहिल्यांदाच जाऊ पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये जागेचा उल्लेख सतत येईल, कारण ठोका कसा ऐकू येणार, श्वासाला हवा किती मिळणार आणि गरज पडल्यास बाहेर कसे पडता येणार, या तिन्ही गोष्टी डीजेच्या नावावर नव्हे तर इमारतीवर ठरतात.

हार्डकोअर म्हणजे नेमके कोणते संगीत?

हार्डकोअर हा टेक्नोचा, म्हणजे यंत्रांवर तयार होणाऱ्या ठोकेबाज नृत्यसंगीताचा, सर्वांत वेगवान आणि सर्वांत खरखरीत फाटा आहे. मिनिटाला साधारण १६० ते १९० ठोके आणि त्यातल्या प्रत्येक ठोक्यावर मुद्दाम फाडलेला किक ड्रम (मोठ्या ढोलाचा खालचा ठोका), हा त्याचा कणा. या किकचे मूळ १९८३ साली बाजारात आलेल्या रोलंड टीआर-९०९ या ड्रम यंत्रात आहे. त्याचा आवाज मिक्सरच्या क्षमतेपलीकडे चढवला की त्याची गोलाई फुटते, आणि एकाच ठोक्यात खालचा खोल दणका व वरचा करकरीत सूर असे दोन्ही ऐकू येऊ लागते. कारागिरी खरी येथेच आहे, कारण चांगला हार्डकोअर निर्माता एकेका किकवर कित्येक दिवस घालवतो आणि जाणकार श्रोता केवळ किकवरून निर्माता ओळखतो.

या शैलीचा उगम सांगताना फ्रँकफर्टच्या मार्क अकार्डिपाने याने १९९० मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणाचा उल्लेख बहुतेक वेळा पहिला येतो. ती लोकांची झाली मात्र नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात. तेथील पार्कझिख्त या क्लबमध्ये वेग चढत गेला, १९९२ मध्ये पॉल एल्स्टाक याने ‘रॉटरडॅम रेकॉर्ड्स’ ही कंपनी सुरू केली, आणि त्या कडक डच शैलीला ‘गॅबर’ हे नाव चिकटले. पुढे फाटे फुटले. गोड गाण्यांचे तुकडे घेऊन येणारा हॅपी हार्डकोअर, दोनशेच्या आसपास धावणारा फ्रेंचकोअर, त्याहून उग्र टेररकोअर आणि तीनशेच्या पुढे जाऊन ठोक्यांची सलग घरघर करून टाकणारा स्पीडकोअर, असा हा विस्तार आहे. इंग्लंडमध्ये १९९१-९२ च्या सुमारास ‘हार्डकोअर’ म्हटले की तुटक ब्रेकबीटवर चालणारे निराळेच संगीत अभिप्रेत असे, आणि त्याच नावाचा पंक संगीताचाही एक प्रकार आहे. त्यामुळे जाहिरातीत केवळ हा शब्द पाहून तिकीट काढू नये. कोणते डीजे वाजवणार आहेत ते पाहावे आणि त्यांतील एकाचा तासाभराचा सेट आधी घरी पूर्ण ऐकून पाहावा. विसाव्या मिनिटाला बंद करावासा वाटला, तर तो आवाज सहा तास शंभर डेसिबलने ऐकून आवडू लागेल अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही.

अशा रेव्ह बंकरांत, कारखान्यांत आणि स्टेडियमांतच का भरतात?

पहिले कारण अगदी व्यवहारी आहे. हे संगीत शेजाऱ्यांना सोसवत नाही, आणि जाड भिंतींची किंवा वस्तीपासून दूर असलेली जागा मिळाली की निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. दुसरे कारण इतिहासाचे आहे. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडल्यानंतर शहराच्या पूर्व भागात मालकी अनिश्चित असलेल्या, वापराविना पडून राहिलेल्या इमारतींची रांगच लागली होती. वेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या भूमिगत तिजोरीत मार्च १९९१ मध्ये ‘ट्रेझॉर’ हा टेक्नो क्लब उघडला, तो याच परिस्थितीचा फायदा घेऊन. गंजलेले लॉकर आणि लोखंडी जाळ्या हीच त्याची सजावट होती. २००५ मध्ये ती जागा सोडावी लागल्यावर हा क्लब २००७ मध्ये एका जुन्या वीजनिर्मिती केंद्रात गेला.

हार्डकोअरच्या दृष्टीने मात्र बर्लिनमधील सर्वांत बोलका नमुना म्हणजे राइनहार्टश्ट्रासेवरचा रेल्वेचा हवाई हल्ला आश्रयगृह-बंकर. दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या या पाच मजली काँक्रीटच्या ठोकळ्यात सुमारे १२० खोल्या असून भिंती जवळपास दोन मीटर जाड आहेत. युद्धानंतर तो काही काळ तुरुंग झाला, मग कापडाचे आणि पुढे फळांचे गोदाम झाला. क्यूबाहून आलेली केळी तेथे ठेवली जात, म्हणून लोक त्याला केळ्यांचा बंकर म्हणत. १९९२ पासून १९९६ पर्यंत तेथे क्लब चालला आणि जगातील सर्वांत कडक क्लब अशी त्याची ख्याती झाली. गॅबरच्या रात्री तेथे नियमित होत. आज त्याच इमारतीत समकालीन कलेचा एक खासगी संग्रह असून तो आगाऊ नोंदणी करून पाहता येतो. ठेंगण्या छताच्या त्या खोल्यांत वाढलेले संगीत कोरडे, बोथट आणि अंगावर येणारे असणार, हे नकाशा पाहूनही कळते.

नेदरलँड्समध्ये गोष्ट उलट दिशेने घडली. तेथे हार्डकोअरला लपायची नव्हे, मावायची अडचण होती. ‘थंडरडोम’ या मालिकेचा पहिला कार्यक्रम ऑक्टोबर १९९२ मध्ये हीरेनवेन येथील थिआल्फ या आइस स्केटिंगच्या स्टेडियममध्ये झाला, कारण हजारो लोक एका छपराखाली घेऊ शकतील अशा जागा तेव्हा मोजक्याच होत्या. जर्मनीतील ‘नेचर वन’ हा महोत्सव १९९६ पासून हुन्सर्युक भागातील पिड्ना या, क्रूझ क्षेपणास्त्रांसाठी उभारलेल्या लष्करी तळावर भरतो. त्याच्या मातीने झाकलेल्या बंकरांमध्ये वेगवेगळे डान्स फ्लोअर असतात, आणि हार्डकोअरलाही तेथे जागा असते.

वातावरण हे तिसरे कारण. ते खरे आहे, पण जाहिरातीत गरजेपेक्षा जास्त वापरले जाते. ‘गूढ, विस्मृतीत गेलेली वास्तू’ असे शब्द दिसले की मी आधी शौचालये किती आहेत याची चौकशी करतो.

जागा बदलली की संगीतही वेगळे ऐकू येते का?

येते, आणि हार्डकोअरच्या बाबतीत इतर कोणत्याही नृत्यसंगीतापेक्षा जास्त. मिनिटाला १८० ठोके म्हणजे सेकंदाला तीन; दोन ठोक्यांमध्ये सेकंदाचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो. उंच छताच्या, कठीण भिंतींच्या रिकाम्या कारखान्यात आवाज पूर्ण विरायला चार सेकंद लागत असतील, तर एका ठोक्याचा घुमारा संपेपर्यंत त्यावर आणखी बारा ठोके येऊन पडलेले असतात. ऐकणाऱ्याच्या वाट्याला मग ठोका उरत नाही, उरते ती एक सलग गडगड. तोच कारखाना मिनिटाला १२५ ठोक्यांच्या हाउस संगीताला भव्य वाटू शकतो. गर्दी भरली की माणसांची शरीरे आणि कपडे वरचे व मधले सूर शोषून घेतात आणि आवाज थोडा आटोक्यात येतो, पण बास, म्हणजे सर्वांत खालचे सूर, तसाच फिरत राहतो. त्यामुळे संध्याकाळी रिकाम्या हॉलमध्ये केलेली ध्वनिचाचणी मध्यरात्री फारशी उपयोगी पडत नाही.

लहान खोल्यांचा त्रास निराळा असतो. ५० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी सुमारे सात मीटर असते, म्हणून साडेतीन मीटर रुंदीच्या बंकरखोलीत तिचा बरोबर अर्धा भाग बसतो आणि तो सूर दोन भिंतींमध्ये अडकून घुमत राहतो. भिंतीला पाठ लावून उभे राहिलात तर छाती दडपेल इतका बास मिळतो, आणि दोन पावले पुढे, खोलीच्या मधोमध आलात की तोच बास कोणीतरी बटण दाबून बंद केल्यासारखा नाहीसा होतो. हे स्वतः करून पाहण्याजोगे आहे. एकाच खोलीत दोघांची मते टोकाची का असतात, याचा उलगडा पुष्कळदा ते कुठे उभे होते यातच होतो.

अनुभवी संयोजक यावर उपाय करतात. एकाच टोकाला स्पीकरची भिंत उभारण्याऐवजी ते लहान स्पीकर जागोजागी टांगतात आणि त्यांची तोंडे खाली गर्दीकडे वळवतात. मागच्या भिंतीवर जाड पडदे सोडतात. तुमच्या हाती असलेला उपाय सोपा आहे. साउंड इंजिनीअरचे टेबल जेथे असेल त्याच्या थोडे पुढे, हॉलच्या मध्यरेषेजवळ उभे राहावे. आवाज त्याच ठिकाणच्या कानांनी जुळवलेला असतो, म्हणून तो तेथे सर्वांत स्वच्छ लागतो.

पहिल्या वेळेसाठी कोणती जागा निवडावी?

माझे मत स्पष्ट आहे. पहिली रात्र मध्यम आकाराच्या, नियमित कार्यक्रम होणाऱ्या, परवानगी असलेल्या जागेत घालवावी, मग ती कितीही विचित्र दिसो. जुने वीजकेंद्र असले तरी तेथे दर आठवड्याला कार्यक्रम होत असतील, तर हवा, पाणी, प्रसाधनगृहे आणि दरवाजे यांचा प्रश्न कोणीतरी आधीच सोडवलेला असतो. एकाच रात्रीपुरत्या घेतलेल्या जागेत हे सगळे प्रश्न त्या रात्री नव्याने सुटत असतात, आणि काही सुटत नाहीत.

रेव्ह कायदेशीर आहे की नाही, हे कसे ओळखावे?

तिकिटावर संयोजकाचे नाव, जागेचा पूर्ण पत्ता, वयोमर्यादा आणि नियमावली असेल, तर ती सर्वसाधारणपणे परवानगीने होत असते. पत्ता शेवटच्या तासात संदेशावर येणार असेल आणि पैसे दारात रोख घेतले जाणार असतील, तर ती तशी नसण्याची शक्यता मोठी असते. काही परवानगीधारक संयोजकही गंमत म्हणून पत्ता उशिरा सांगतात, त्यामुळे या एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये.

कायदे देशागणिक बदलतात आणि त्यांचा कडकपणा काही ठिकाणी अनपेक्षित आहे. इंग्लंडमध्ये मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन कॉमन या कुरणावर हजारोंच्या संख्येने लोक जमले आणि परवानगी नसलेला महोत्सव जवळपास आठवडाभर चालला. त्या गदारोळानंतर आलेल्या १९९४ च्या फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याने अशा जमावाला पांगवण्याचे अधिकार पोलिसांना दिले. ‘एकामागून एक येणारे पुनरावृत्त ठोके’ हे ज्याचे मुख्य लक्षण असा आवाज, अशी संगीताची व्याख्याच त्यात केली गेली. कायद्याच्या कलमात तालाचे वर्णन येण्याचे असे उदाहरण विरळाच. सुरुवातीला ही तरतूद शंभर लोकांच्या जमावाला लागू होती, २००३ मध्ये ती मर्यादा वीसवर आणली गेली. इटलीत ऑक्टोबर २०२२ मध्ये मोदेना येथील एका रिकाम्या गोदामातील रेव्ह पोलिसांनी पांगवल्यानंतर लगेच वटहुकूम निघाला, आणि त्यातून आलेल्या कायद्यात संयोजकांसाठी तीन ते सहा वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. पाहुण्याला सहसा इतका धोका नसतो. तरी परदेशात व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीने पोलिसी नोंदीची शक्यता हलक्यात घेऊ नये.

किती वाजता पोहोचावे?

दरवाजे उघडल्यानंतर तासाभरात. उशिरा येणे फॅशनेबल मानले जाते, पण अनोळखी इमारत रिकामी असताना समजून घेता येते. शिवाय डीजेंचा वेग रात्रभर चढत जातो. दीडशेच्या ठोक्यांवर अंग सैल झालेले असले की दोनशे झेपतात, थेट दोनशेत उडी मारली की बहुतेकांची दमछाक होते.

आत शिरल्यावर आधी काय पाहावे?

बाहेर जाण्याचे दरवाजे. ही सूचना कंटाळवाणी वाटते याची कल्पना आहे, म्हणून तिचे कारण सविस्तर सांगतो. २ डिसेंबर २०१६ रोजी अमेरिकेतील ओकलंड येथे ‘घोस्ट शिप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोदामात इलेक्ट्रॉनिक संगीताचा कार्यक्रम सुरू असताना आग लागली आणि ३६ जण मृत्युमुखी पडले. गोदामाचे रूपांतर राहत्या जागेत केलेले होते, आत लाकडी सामानाची दाटी होती आणि वरच्या मजल्यावरून उतरण्याचे जिने अडचणीचे होते. अनवट जागा सुंदर दिसण्याचे जे कारण असते, म्हणजे वाकडेतिकडे मार्ग, अर्धवट भिंती, अंधारे कोपरे, तेच कारण धूर झाल्यावर घातक ठरते.

म्हणून पहिल्या दहा मिनिटांत पुढील गोष्टी पायांनी तपासाव्यात. ज्या दाराने आत आलात त्याखेरीज आणखी एक दार शोधावे आणि तेथपर्यंत चालत जावे. ते कुलूपबंद आहे का, त्यासमोर खुर्च्या किंवा पिंपे रचली आहेत का, ते पाहावे. जिना एकच असेल आणि फ्लोअर तळघरात असेल, तर गर्दी किती वाढू देतात यावर लक्ष ठेवावे. मोठ्या बंदिस्त हॉलमध्ये वीज जनित्रावर चालत असेल, तर ते यंत्र बाहेर ठेवलेले आहे ना, याची खात्री करून घ्यावी. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि एकाच वेळी अनेकांना डोकेदुखी व मळमळ सुरू झाली तर दारूला दोष देत बसण्याऐवजी सर्वांनी मोकळ्या हवेत जावे. या तपासणीत काही खटकले, तर तिकिटाचे पैसे गेले असे समजून परत फिरण्यात कमीपणा नाही. मी तसा परत फिरलो आहे आणि त्या रात्रीची हळहळ मला वाटत नाही.

कानांसाठी काय करावे?

इअरप्लग न्यावेत आणि पहिल्या ठोक्याआधी घालावेत. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतील ‘नायॉश’ संस्थेने दिलेली मर्यादा अशी आहे की ८५ डेसिबलमध्ये आठ तास सुरक्षित मानावेत आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा. या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये हाती येतात फक्त पंधरा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मनोरंजनाच्या जागांसाठी जो मानदंड जाहीर केला, त्यातही पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल मर्यादा असून शांत विश्रांतीची जागा आणि श्रवणरक्षणाची साधने उपलब्ध असावीत अशी अपेक्षा आहे. सहा तासांच्या रात्रीचा हिशेब यावरून ज्याचा त्याने करावा.

फोमचे स्वस्त इअरप्लग पुरेसे संरक्षण देतात, पण वरचे सूर जास्त कापतात आणि संगीत उशीखालून ऐकल्यासारखे होते. फिल्टर असलेले संगीतासाठीचे इअरप्लग सर्व सूर साधारण सारख्या प्रमाणात खाली आणतात, म्हणून किकची करकर शाबूत राहते. फोमचे वापरणार असाल तर ते नीट घालणे महत्त्वाचे. स्वच्छ बोटांनी ते वळून बारीक सुरळी करावी, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, सुरळी आत सरकवावी आणि ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरावी. स्वतःचा आवाज डोक्याच्या आत घुमल्यासारखा वाटला की ते बसले. गर्दीत दिसणारे, कानाबाहेर अर्धे लोंबणारे पिवळे तुकडे जवळजवळ काहीच काम करत नाहीत. संगीत ‘कमी’ वाटेल ही भीती पहिल्या अर्ध्या तासात जाते, कारण बास कानांइतकाच हाडांतून आणि पायांखालच्या जमिनीतून पोहोचत असतो.

नाचता येत नाही, तर?

कोणीही पाहत नसते. तरीही हार्डकोअरचे म्हणून एक नृत्य आहे, त्याला हाक्केन म्हणतात, आणि ते पाहून शिकता येते. वजन पुढच्या चवड्यांवर ठेवायचे, गुडघे किंचित वाकवायचे आणि प्रत्येक ठोक्यावर एक पाऊल, आलटून पालटून, पुढे छोटी लाथ मारल्यासारखे टाकून लगेच मागे घ्यायचे. कमरेखालचे अंग धावत असते, खांदे त्यामानाने स्थिर असतात आणि हात कोपरात वाकून तालाला तोल देतात. नवशिक्यांची चूक एकच, पावले मोठी टाकणे. पाऊल फरशीपासून चार बोटे उचलले तरी पुरते. त्याहून जास्त उचलाल तर पुढचा ठोका हुकतो. वेग फारच चढला तर दर दुसऱ्या ठोक्यावर पाऊल टाकावे. जुनेजाणतेही तसेच करतात, फक्त ते सहजतेने करतात.

काय घालावे?

घाम सुकवणारा हलका कपडा आणि जाड, न घसरणाऱ्या तळाचे बूट घालावेत. बाहेरून येताना लागणारे जॅकेट क्लोकरूममध्ये ठेवावे. गॅबरचा जुना वेश, म्हणजे चमकदार ट्रॅकसूट, नायकेचे एअर मॅक्स बूट आणि भादरलेले डोके, आजही दिसतो. तो घालण्याची सक्ती नाही. फुटबॉल क्लबचे कपडे मात्र टाळावेत. अनेक डच कार्यक्रमांच्या नियमांत त्यांना मनाई आहे आणि दारातूनच परत पाठवले जाते.

उकाडा आणि पाणी यांचे काय?

बंकरांना खिडक्या नसतात. काही तासांनी घामाची वाफ थंड काँक्रीटच्या छतावर जमते आणि थेंब थेंब होऊन परत नाचणाऱ्यांच्या अंगावर पडू लागते. तो थेंब खारट नसला तरी धुळीचा असतो, आणि फरशी निसरडी होते. असे छत गळू लागले की हवा पुरेशी खेळत नाही असे समजावे आणि दर तासाला दहा मिनिटे बाहेर काढावीत. नाचत असताना तासाला साधारण अर्धा लिटर पाणी घोट घोट घ्यावे. एकदम दोन-तीन लिटर पिणेही धोक्याचे आहे, कारण रक्तातील सोडियम घटून शुद्ध हरपू शकते. कोणी तापलेल्या अंगाने असंबद्ध बोलू लागले, अडखळू लागले, तर ‘जरा बसू दे’ म्हणत वाट पाहू नये. त्याला थंड जागी न्यावे, अंगावर पाणी शिंपडावे आणि वैद्यकीय पथकाला बोलवावे.

तेथे अमली पदार्थ असतात का?

असतात, आणि हे नाकारणारे पान विश्वासार्ह ठरणार नाही. माझा सल्ला न घेण्याचा आहे. एमडीएमएमुळे (म्हणजे ‘एक्स्टसी’च्या गोळीमुळे) शरीराचे तापमान वाढते आणि थकव्याची जाणीव बोथट होते. खिडक्या नसलेल्या खोलीत दोनशेच्या ठोक्यांवर नाचणाऱ्यासाठी याहून वाईट जुळणी नाही. गोळीत नेमके काय आणि किती आहे, हे रंगरूपावरून कळत नाही. म्हणूनच नेदरलँड्समध्ये ‘डिम्स’ ही नमुने तपासण्याची यंत्रणा १९९२ पासून चालू आहे. मित्राची तब्येत बिघडली तर प्रथमोपचार पथकाला त्याने काय घेतले ते खरे सांगावे. त्यांचे काम उपचारांचे असते, आणि लपवलेल्या माहितीमुळे वेळ जातो.

तेथील माणसे भीतिदायक दिसतात. ती खरेच तशी असतात का?

बहुतेक नाही. हार्डकोअरच्या गर्दीत धक्के कमी लागतात, कारण प्रत्येकजण स्वतःच्या पायांपाशी गुंतलेला असतो. प्रश्नाला एक गंभीर बाजूही आहे. १९९० च्या दशकात भादरलेली डोकी आणि काही टोळक्यांचे वर्तन यांमुळे गॅबरचा अतिउजव्या वंशवादाशी संबंध जोडला गेला, आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. त्याच्या विरोधात संगीतकारांनी आणि चाहत्यांनीच वंशवाद व फॅसिझमविरोधी घोषणा रेकॉर्डवर आणि जॅकेटवर लावल्या. आज परवानगीने होणाऱ्या कार्यक्रमांत द्वेषचिन्हांना मनाई असते. असे चिन्ह किंवा शेरेबाजी आढळली तर सुरक्षा रक्षकाला सांगावे. एकट्या जाणाऱ्या स्त्रियांनाही हेच सांगेन, की नकोसा स्पर्श झाल्यास स्वतः वाद घालत न बसता रक्षकाकडे जावे. आणि तक्रार ऐकून रक्षक खांदे उडवत असतील, तर ती जागा पुन्हा जाण्याच्या लायकीची नाही.

स्ट्रोब, म्हणजे झपाट्याने लुकलुकणाऱ्या, दिव्यांचा त्रास होतो का?

प्रकाशसंवेदी अपस्मार, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशाने झटके येण्याचा आजार, असणाऱ्यांना होऊ शकतो. सेकंदाला सुमारे ३ ते ३० चमका हा धोक्याचा पट्टा आहे आणि हार्डकोअरचे दिवे हमखास त्यात येतात. असा आजार असल्यास जाऊ नये. इतरांनी धुराच्या यंत्रासोबत स्ट्रोब सुरू झाल्यावर चालणे थांबवावे, कारण त्या मिनिटभरात पायऱ्या दिसत नाहीत.

छायाचित्रे काढता येतात का?

जागेनुसार. बर्लिनच्या अनेक क्लबांत दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात आणि तो काढला तर बाहेर काढतात. मोठ्या डच कार्यक्रमांत लोक सर्रास चित्रण करतात. नियम काहीही असो, अनोळखी माणसाचा चेहरा टिपू नये.

परतीचे नियोजन कसे करावे?

जाण्याआधी. अशा जागा शहराबाहेर असतात, पहाटेची पहिली गाडी उशिरा असू शकते आणि बंकरच्या आत फोनला रेंज नसते. सोबत्यांशी चुकामूक झाल्यास भेटायची जागा आणि वेळ आत शिरण्यापूर्वीच ठरवावी. ‘बारजवळ’ असे ठरवू नये, कारण बार एकाहून अधिक असतात. अनेक ठिकाणी एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा प्रवेश देत नाहीत, हेही तिकिटाच्या नियमांत वाचून घ्यावे. गाडी चालवणाऱ्याने दारू न घेणे पुरेसे नाही. रात्रभर नाचलेल्या माणसाचे डोळे पहाटे सहाच्या रस्त्यावर मिटू लागतात.

दुसऱ्या दिवशी कानांत शिट्टी वाजत राहिली तर?

ती बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते, आणि तोपर्यंत हेडफोन लावू नयेत, मोठ्या आवाजात जाऊ नये. दोन दिवसांनंतरही ती टिकून असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले असेल तर मात्र वाट पाहू नये. त्याच दिवशी तपासणी करावी, कारण अशा बहिरेपणावरील उपचार जितके लवकर सुरू होतात तितका त्यांचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.